सुगीपूर्वी इंजिनाचा पट्टा व पुली तपासा

खंडेनवमीच्या दिवशी मराठवाड्यातील गावोगाव नांगर, तिफण, विळे, कोयते यांच्याबरोबर ट्रॅक्टर व मळणी यंत्र यांचीही पूजा होते. यंत्र धुऊन पुसून अंगणात उभे करतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. ही चाल स्तुत्य आहे. वर्षाकाठी एकदा तरी यंत्राकडे निरखून पाहिले जावे, असाच तिचा अर्थ शेतकऱ्याने घ्यावा. तथापि, माळ बॉनेटवर चढते आणि बॉनेटच्या आत पंख्याला फिरविणाऱ्या बोटभर रुंद रबरी पट्ट्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः पुढील महिनाभर सारे इंजिन त्या पट्ट्याच्या भरवशावर चालावयाचे असते.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होऊन बसले आहे. लातूरची बाजार समिती तर सोयाबीनसाठी राज्यभर ओळखली जाते. दसऱ्याच्या सुमारास कापणी सुरू होते, शेतात बनीम लागते आणि मळणी यंत्राची वाट पाहणे सुरू होते. हे दिवस परतीच्या पावसाचे असतात. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने मराठवाड्यातील कापलेल्या सोयाबीनचे जे नुकसान केले, ते शेतकरी विसरलेले नाहीत. अशा वेळी खळ्यावर यंत्र बंद पडले, तर एक दिवसाचा खोळंबा म्हणजे केवळ एक दिवसाची मजुरी नव्हे. हातातोंडाशी आलेला माल भिजण्याचा, काळा पडण्याचा व त्याला कोंब फुटण्याचा तो धोका असतो. आणि यंत्र ज्या कारणांनी बंद पडते, त्यांपैकी सर्वांत स्वस्त व सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे पट्टा होय.

पट्टा काय काम करतो?

ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे खालच्या बाजूस मुख्य दांड्यावर एक पुली बसविलेली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा वरच्या बाजूस पंखा व पाण्याचा पंप, आणि बाजूस डायनॅमो किंवा अल्टरनेटर यांना फिरवितो. पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो, पंप इंजिनाभोवती पाणी खेळवितो आणि अल्टरनेटर बॅटरी भरतो. पट्टा ढिला झाला की ही तिन्ही कामे एकाच वेळी मंदावतात.

नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टर चालत असतो व हवा स्वच्छ असते. मळणीच्या वेळी मात्र तो एकाच जागी तासन्‌तास उभा राहून यंत्र ओढतो. भोवती भुसकट उडत असते, सोयाबीनची गुळी रेडिएटरच्या जाळीवर येऊन चिकटते आणि वर ऑक्टोबरचे ऊन असते. इंजिनाला थंडाव्याची गरज सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच पंखा मंद फिरू लागला, तर पाणी उकळते. तरीही इंजिन तसेच चालविले, तर हेड गॅस्केट जळते, हेड वाकडे होते आणि अखेर पिस्टन अडकून इंजिन जाम होते. ज्या पट्ट्याची किंमत मजुराच्या एका रोजाच्या आसपास असते, तो वेळीच न बदलल्यामुळे संपूर्ण इंजिन खोलण्याची पाळी येते.

आधी चावी खिशात

तपासणीचा पहिला नियम सुरक्षिततेचा आहे. इंजिन बंद करावे, चावी काढून तपासणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी आणि इंजिन निवेपर्यंत थांबावे. “जरा सेल मार, पाहू दे,” असे सांगून चालत्या पट्ट्याजवळ हात नेणे हे बोटे गमावण्याचे निश्चित कारण आहे. पट्टा व पुली जेथे एकमेकांस मिळतात, त्या चिमट्यात बोट सापडले तर ते मागे घेण्यास अवधी मिळत नाही. धोतराचा सोगा, खांद्यावरील उपरणे, साडीचा पदर, ओढणी, हातातील कडे यांबाबतही हीच दक्षता घ्यावी. पूजेची माळ इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावी. पंख्याजवळ लोंबणारा दोराही ओढला जातो.

पट्टा हाताने ओढून फिरवू नये. त्यावर खडूची खूण करून दिसेल तेवढा भाग उजेडात नीट पाहावा. नंतर सर्वांना दूर करून इंजिन क्षणभर फिरवावे, पुन्हा बंद करून चावी काढावी आणि उरलेला भाग पाहावा.

पट्ट्यावरील खुणा

पट्टा एकाएकी क्वचितच तुटतो. तुटण्यापूर्वी तो अनेक दिवस सूचना देत असतो. त्या सूचना वाचता आल्या पाहिजेत.

आतील बाजूस आडव्या भेगा दिसल्या, तर रबर उष्णतेने व वयाने कडक झाले आहे असे समजावे. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत व चकचकीत झाल्या असतील, तर पट्टा ढिला असून घसरत आहे. घसरल्याने तो तापतो, तापल्याने अधिक गुळगुळीत होतो आणि गुळगुळीत झाल्याने अधिकच घसरतो. असा पट्टा केवळ ताणून उपयोग होत नाही; तो बदलावा लागतो. कडेची सुते सुटली असतील किंवा एकच बाजू अधिक झिजली असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पट्टा फुगून मऊ व चिकट झाला असेल, तर त्यावर कोठून तरी तेल गळत आहे. अशा वेळी तेलाची गळती प्रथम बंद करावी व मगच नवा पट्टा चढवावा, अन्यथा नव्याचीही तीच गत होते.

डोळ्यांबरोबर कानांचाही उपयोग करावा. सकाळी इंजिन सुरू करताना किंवा एकदम भार पडताना किंचाळल्यासारखा आवाज येणे, हे पट्टा घसरत असल्याचे लक्षण आहे. जळक्या रबराचा वास, चालत्या इंजिनावर न विझणारा बॅटरीचा लाल दिवा आणि तापमानाच्या काट्याची वर सरकण्याची सवय, या तिन्ही गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवितात.

ताण किती असावा?

दोन पुल्यांमधील सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण जोर देऊन दाबावे. बहुतेक ट्रॅक्टरांत पट्टा १० ते १५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच दबला पाहिजे. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत निराळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. पट्टा याहून अधिक दबला तर तो ढिला आहे. तो मुळीच दबत नसेल, तर तेही वाईटच. “घट्ट तितका बरा” ही समजूत चुकीची आहे. अति ताणलेला पट्टा पाण्याच्या पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग खातो आणि पंपातून पाणी झिरपू लागते.

ताण देण्यासाठी अल्टरनेटरचे बोल्ट पान्याने सैल करून तो बाहेरच्या बाजूस सरकवावा व बोल्ट पुन्हा आवळावेत. सरकविताना पहार लावावयाची झाल्यास ती अल्टरनेटरच्या पुढील मजबूत भागाला लावावी. मागील पातळ कवच त्या जोराने तडकते.

दोष बहुधा पुलीत असतो

पट्टा वारंवार तुटू लागला की दुकानदाराने खराब माल दिला, असा समज होतो. हे कधी कधी खरे असते. परंतु अनेकदा दोष पुलीत असतो. झिजलेल्या पुलीवर नवा पट्टा चढविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वी पिठाच्या गिरणीला व गुऱ्हाळाच्या चरकाला तेलाच्या इंजिनावरून चपटा पट्टा जात असे. तो पुलीच्या सपाट पाठीवर बसे व घसरू लागला की त्यावर राळ टाकीत. आजचा पट्टा निराळा आहे. त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद व खाली अरुंद असतो. तो खाचेच्या तळावर नव्हे, तर दोन्ही भिंतींमध्ये पाचरीप्रमाणे अडकून ओढतो. सबब, त्याला राळ, डांबर, ग्रीस किंवा साबण यांपैकी काहीही लावू नये. अशा उपचाराने आवाज घटकाभर बंद होतो, पण रबर खराब होते आणि मूळ दोष तसाच राहतो.

पुलीची खाच स्वच्छ पुसून उजेडात पाहावी. तिच्या दोन्ही भिंती सरळ असाव्यात. त्या मध्ये खोलगट झाल्या असतील, तर पुली झिजली आहे. खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकत आहे आणि त्याची पाचर सैल पडली आहे. नवा पट्टा खाचेत ठेवून पाहिला असता त्याची पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर राहावयास हवी. ती काठाच्या खाली गेली, तर एकतर पट्टा चुकीच्या मापाचा आहे किंवा पुलीचे आयुष्य संपले आहे.

काठावर खवले उडाले आहेत काय, तेही बोट फिरवून नव्हे तर कापडाचा बोळा फिरवून पाहावे. कापड जेथे अडकते, तेथे पट्टाही कापला जातो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्राच्या खाचेत गंज धरतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढावा. पुली दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावी. ती डुलत असेल किंवा करकरत असेल, तर बेअरिंग गेले आहे अथवा दांड्यातील चावी सैल झाली आहे.

एक दोरी, चार ठिकाणे

दोन पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे पाहण्यास मोठ्या साधनाची गरज नाही. एक मजबूत दोरी दोन्ही पुल्यांच्या बाहेरील तोंडावरून ताणून धरावी. दोन्ही पुल्यांची तोंडे सारख्या जाडीची असतील, तर दोरी प्रत्येक पुलीला दोन काठांवर, म्हणजे एकूण चार ठिकाणी टेकली पाहिजे. तीनच ठिकाणी टेकली, तर एक पुली तिरकी आहे. दोनच ठिकाणी टेकली, तर एक पुली पुढे किंवा मागे सरकली आहे. मळणी यंत्र ओबडधोबड रस्त्यांवरून गावोगाव ओढत नेले जाते; त्यामुळे त्याची चौकट हलते व बोल्ट सैल होतात. यास्तव ही दोरीची परीक्षा प्रत्येक नव्या खळ्यावर यंत्र उभे केल्यानंतर करावी. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नवा पट्टा घेताना व चढविताना

दुकानात जाताना जुना पट्टा बरोबर न्यावा व त्यावरील क्रमांक पाहावा. मळणी यंत्राच्या पट्ट्यावर बी ६७ असा क्रमांक असेल, तर ‘बी’ हे जाडीचे माप असून ६७ ही इंचांतील आतील लांबी आहे. ए मापाच्या पट्ट्याची वरची रुंदी १३, बी मापाची १७ आणि सी मापाची २२ मिलिमीटर असते. ए मापाचा पट्टा बी मापाच्या खाचेत बसतो खरा, पण तो तळाला टेकतो व काम करीत नाही.

एकाच पुलीवर दोन किंवा तीन पट्टे असतील, तर एक तुटला तरी सर्व एकदमच बदलावेत. जुने पट्टे वापराने लांबलेले असतात. त्यांच्याबरोबर एक नवा घातला, तर सारा भार त्या एकट्यावर येतो व तोही लवकर तुटतो.

पट्टा चढविताना ताण पूर्ण ढिला करून तो हाताने सहज बसवावा. पेचकसाने उचकटून पुलीच्या काठावरून चढविलेल्या पट्ट्याच्या आतील सुते त्याच वेळी तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, परंतु असा पट्टा आठवड्याभरात दगा देऊ शकतो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा लांबतो. म्हणून अर्धा दिवस काम झाल्यावर इंजिन बंद करून ताण पुन्हा पाहावा. एक जादा पट्टा ट्रॅक्टरच्या पेटीत सदैव ठेवावा. रात्री आठ वाजता कंधारच्या किंवा औशाच्या एखाद्या शिवारात पट्टा तुटला, तर दुकान उघडे मिळत नाही.

पुली बदलली की बियाणे बदलते

मळणी यंत्रावरील पट्ट्यांना ताणाचा निराळा हिशेब लागू पडतो. दोन पुल्यांमधील अंतर एक मीटर असेल, तर पट्टा मध्यावर सुमारे १६ मिलिमीटर दबावा. परंतु येथे ताणाइतकेच महत्त्व पुलीच्या आकाराला आहे. कारण ड्रम किती वेगाने फिरेल, हे पुलीच ठरविते.

हिशेब सोपा आहे. फिरविणाऱ्या पुलीचा व्यास आणि तिचे मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार, फिरणाऱ्या पुलीच्या तशाच गुणाकाराएवढा असतो. ट्रॅक्टरच्या मागील दांड्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे आहे. त्यावरून त्याच वेगाने फिरणारी पुली १० इंचांची असेल आणि ड्रमवर साडेतेरा इंचांची पुली असेल, तर ड्रम ४०० फेरे घेतो. ड्रमवर ९ इंचांची पुली बसविली, तर तोच ड्रम ६०० फेरे घेतो. काम झपाट्याने उरकावे म्हणून ड्रमवर लहान पुली बसविण्याचा मोह होतो. पण त्याची किंमत बियाणे मोजते.

सोयाबीनच्या दाण्याचे टरफल अत्यंत पातळ असते व अंकुराचा भाग त्याच्या लगतच असतो. अधिक वेगाच्या ड्रमचा मार बसला, तर दाणा बाहेरून अखंड दिसूनही उगवत नाही. म्हणून बियाण्यासाठी राखावयाच्या सोयाबीनची मळणी, दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना, ड्रमचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून करावी. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येने आल्या होत्या. न उगवण्याची कारणे अनेक असतात; कापणीच्या वेळचा पाऊस, सदोष साठवण व खोल पेरणी ही त्यांपैकी काही होत. मळणीतील मार हे मात्र संपूर्णपणे शेतकऱ्याच्या हातातील कारण आहे. घरचे बियाणे राखणाऱ्याने यंत्र सुरू होण्यापूर्वी ड्रमचे फेरे किती, हा प्रश्न यंत्रमालकाला अवश्य विचारावा.

झाकण काढू नये

मळणी यंत्राच्या पट्ट्यांवर लोखंडी जाळी किंवा पत्र्याचे झाकण असते. पट्टा वारंवार उतरतो, म्हणून ते काढून बाजूस ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ही सवय घातक आहे. मळणी यंत्रांवर होणाऱ्या अपघातांची दखल घेऊन केंद्र शासनाने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला व शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे त्याच्या कक्षेत आणली. परंतु कायदा खळ्यावर उभा राहत नाही. तेथे उभे असतात मजूर, घरच्या बाया आणि क्वचित मुलेही. पट्टा वारंवार उतरत असेल, तर झाकण काढणे हा त्यावरील उपाय नव्हे. पुल्या एका रेषेत आणणे हा त्यावरील उपाय होय.

घसरणारा पट्टा तापतो आणि खळ्यावर सर्वत्र कोरडे भुसकट असते, हेही विसरू नये. पुलीभोवती साचलेली गुळी दर विश्रांतीला, यंत्र थांबवून, झाडून काढावी व पाण्याची घागर जवळ ठेवावी.

वाटेत पट्टा तुटल्यास

लाल दिवा लागला व काटा वर गेला, की यंत्रावरील भार काढून इंजिन ताबडतोब बंद करावे. उरलेली चार पोती उरकून घेऊ, हा विचार मनात आणू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. अर्धा-पाऊण तास निवू द्यावे, पुली तपासावी आणि मगच जादा पट्टा चढवावा.

अलीकडे अनेक शेतकरी कुटुंबांकडे जीप किंवा मोटारही आहे. तिच्यातील पट्टा बहुधा रुंद, चपटा व उभ्या धारांचा असतो आणि त्याचा ताण आपोआप राखला जातो. या पट्ट्यांचे नवे रबर सहसा भेगाळत नाही, ते झिजते. म्हणून धारा किती उरल्या आहेत ते पाहावे. मोटारीतील विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू शकतो, याचे भान ठेवावे. काही इंजिनांत झाकणाआड टायमिंगचा पट्टाही असतो. तो तुटल्यास इंजिनाच्या आतील वॉल्व्ह मोडू शकतात. त्याची तपासणी घरी न करता, पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत तो जाणकार मेकॅनिककडून बदलून घ्यावा.

ही सर्व तपासणी तासाभरात होते. एक पाना, एक दोरी, एक खडू आणि स्वच्छ कापड एवढीच तिची सामग्री आहे. शेतकरी बंधूंनी ती सुगीच्या पंधरा दिवस आधी करावी, म्हणजे पुली लेथवर न्यावी लागली तरी वेळ हाताशी राहतो. मग खंडेनवमीला यंत्रावर जी माळ चढेल, ती निर्दोष यंत्रावर चढेल आणि बनीम पावसापूर्वी पोत्यात जाईल.